चिविताव्हेक्क्याहून रोम : बारा युरोंचं दिवसभराचं तिकीट

क्रूझच्या माहितीपत्रकात त्या दिवसापुढे ‘रोम’ असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात जहाज लागतं चिविताव्हेक्क्याला, आणि तिथून रोम चांगलं ७०-८० किलोमीटर आत. हे अंतर कसं कापायचं यावर आमच्याकडे जहाजात चढायच्या आधीपासून खल चालला होता. जहाजातल्या सहलींच्या काउंटरवर बसने नेऊन परत आणण्याचा माणशी दर ऐकला आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, “अगं, एवढ्यात तर...” म्हणून थांबले. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासलेला माणूस. पुढचं वाक्य आम्ही आपापल्या मनात पूर्ण केलं.

मी त्याआधीच ‘बिर्ग’बद्दल वाचून ठेवलं होतं. रोम ज्या लात्सिओ प्रांतात येतं, तिथलं हे दिवसभराचं एकत्रित तिकीट. लांबलचक इटालियन नावाची आद्याक्षरं जोडून बिर्ग झालंय. ज्या दिवशी त्यावर शिक्का उमटवाल त्या दिवशी रात्री बारापर्यंत ते चालतं. प्रादेशिक रेल्वेगाड्यांचा दुसरा वर्ग, रोमची मेट्रो, शहरातल्या बस आणि ट्राम, शिवाय प्रांतभर फिरणाऱ्या कोत्रालच्या बस, सगळं त्यात आलं. किंमत तुम्ही किती झोन ओलांडता त्यावर ठरते. चिविताव्हेक्क्या ते रोम या टप्प्याचे आम्ही माणशी १२ युरो दिले. इंटरसिटी किंवा त्याहून वेगवान गाड्यांना ते चालत नाही, आणि फ्युमिचिनो विमानतळाच्या प्रवासालाही नाही. चिविताव्हेक्क्याला इंटरसिटीसुद्धा थांबतात, त्यामुळे घाईत समोर दिसेल त्या गाडीत चढायचं नाही, एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं.

आता खरंच पैसे वाचतात का? एका बाजूचं साधं तिकीट पाच युरोंच्या आसपास पडतं, म्हणजे जाऊन-येऊन दहा. रोममधलं साधं तिकीट १.५० युरोंचं, ते १०० मिनिटं चालतं, पण मेट्रोत त्यावर एकदाच शिरता येतं. शहरात दोनदा मेट्रो घेतली की तेरा झाले. म्हणजे दुसऱ्या मेट्रोलाच बिर्ग एका युरोने स्वस्त पडायला लागतं. बाबांनी हे सगळं कागदावर मांडलं आणि निकाल दिला, “फायदा आहे, पण फुशारकी मारावी इतका नाही.” ते खरंच होतं. मला मात्र त्यात दुसराच फायदा दिसत होता. ज्या दिवशी घड्याळ जहाजाच्या हातात असतं, त्या दिवशी दर वेळी मशीनसमोर उभं राहून सुटे पैसे शोधायचे नाहीत, इथून मेट्रो घ्यावी की चालावं यावर दर चौकात परिषद भरवायची नाही. पाय दुखले की सरळ मेट्रोत शिरायचं. हे १२ युरोंत मला फार स्वस्त वाटलं.

बंदर प्रचंड मोठं आहे. जहाजापासून स्टेशनपर्यंत चालत सुटायचा विचारही करू नका. धक्क्यावरून बंदराची फुकट बस लार्गो देल्ला पाचे नावाच्या थांब्यावर सोडते. तिथून स्टेशन वीस-पंचवीस मिनिटं चालत, किंवा वेगळं तिकीट काढून बसने. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्यांचा विचार करून आम्ही सकाळी बस घेतली. वाटेत समुद्राच्या कडेला एक दणकट चौकोनी किल्ला दिसतो, त्याला मायकेलअँजेलोचं नाव आहे. काम सुरू केलं होतं ब्रामान्ते या वास्तुकाराने, १५०८ मध्ये. बंदर तर त्याहूनही कितीतरी जुनं, ट्राजान सम्राटाच्या काळातलं, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं. आणि स्तांदाल हा फ्रेंच कादंबरीकार इथे कित्येक वर्षं फ्रान्सचा वाणिज्यदूत म्हणून नेमणुकीवर होता. गावाला स्वतंत्र दिवस द्यावा असं हे सगळं आहे, पण क्रूझवाल्यांपैकी कुणीच तो देत नाही. आम्हीही दिला नाही.

स्टेशन लहानसं, आणि त्या सकाळी अर्धं जहाज तिथेच लोटलेलं. तिकिटांच्या लाल मशीनपुढे मोठी रांग होती. मशीन मोठ्या आवाजात खिसेकापूंपासून सावध राहायला सांगत होतं, आणि बाजूला दोन-तीन रिकामटेकडे ‘मदत’ करायला तत्पर उभे होते. आम्ही सरळ वर्तमानपत्रांच्या दुकानात गेलो. काउंटरमागच्या बाईंनी आमच्याकडे एकदा वर-खाली पाहिलं, मी तोंड उघडायच्या आत “बिर्ग? रोमा?” म्हणून विचारलं आणि चार बोटं दाखवली. मी मान डोलावली. चार तिकिटं, ४८ युरो, आणि न मागता एक बॉलपेनही पुढे आलं.

पेन कशाला, तर या तिकिटावर नाव, आडनाव आणि जन्मतारीख लिहायची असते. तिकीट ज्याचं त्याचंच, दुसऱ्याला देता येत नाही. बोटाएवढ्या रुंदीच्या कागदावर रेघा इतक्या आखूड की आमचं भारदस्त आडनाव कसंबसं बसलं, शेवटची दोन अक्षरं समासात गेली. आई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होत्या. शेवटी नवऱ्यानेच त्यांचं तिकीट भरलं आणि जन्मसाल लिहिताना विचारलं, “आई, खरं लिहू की शाळेतलं?” “पासपोर्टवरचं लिही,” बाबा म्हणाले, “उगाच परदेशात विनोद नकोत.”

मग शिक्का. इटलीत कागदी तिकीट नुसतं खिशात असून उपयोग नाही, गाडीत चढण्याआधी ते फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यावी लागते. तसं केलं नाही तर तपासनीस आला की दंड, मग तुम्ही कितीही पर्यटक असा. आमचं पहिलं यंत्र नुसतंच घरघरलं आणि कोरं तिकीट परत देऊन मोकळं झालं. दुसऱ्याने खट्टकन ठसा मारला. ठसा उमटलाय का हे तिकीट उजेडात धरून बघा, शाई फार फिकट असते. हेच तिकीट पुढे मेट्रोच्या फाटकातही घालायचं असतं, म्हणून दुमडू नका.

रोमकडे जाताना उजवीकडच्या खिडक्या पकडा. सांता मारिनेल्लापर्यंत आणि त्याच्याही पुढे समुद्र अधूनमधून रुळांच्या अगदी जवळ येतो, मग गाडी आत वळते आणि शेतं, पाइन, कारखान्यांच्या शेडी असं साधंसुधं दृश्य सुरू होतं. हा लोहमार्ग १८५९ चा, म्हणजे इटलीचं एकीकरण व्हायच्या आधीचा, पोपच्या राज्यातला. तपासनीस आला, त्याने तिकिटांवरची नावं नव्हे, फक्त ठसे पाहिले आणि पुढे गेला.

कुठे उतरायचं हा बिर्गवाल्यांचा खरा प्रश्न. बहुतेक सगळे तेर्मिनीपर्यंत जातात, कारण ते मुख्य स्टेशन. पण चिविताव्हेक्क्याच्या गाड्या तिथे २५ ते २९ नंबरच्या फलाटांवर लागतात, आणि ते फलाट मुख्य इमारतीपासून इतके लांब आहेत की रोम बघायच्या आधीच तंगडतोड होते. आम्ही सान पिएत्रोला उतरलो. पाऊण तास ते पन्नास मिनिटं लागली. स्टेशनातून बाहेर पडलं की घरांच्या छपरांवर व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा, घुमट दिसतो, त्याच्या रोखाने दहा-पंधरा मिनिटं चाललं की त्याच्या समोरचा चौक. चालायचं नसेल तर ६४ नंबरची बस त्याच स्टेशनवरून शहरात जाते, तीही बिर्गमध्येच.

बॅसिलिकात जायला तिकीट नाही, पण सुरक्षा तपासणीची रांग आहे आणि खांदे-गुडघे झाकलेले लागतात. बाह्या नसलेल्या कपड्यांतल्या मुली दुकानांतून ओढण्या विकत घेत होत्या. आई नऊवार नव्हे, साधी सहावारी नेसून ऐटीत आत गेल्या. एवढं सांगते की बुधवारी सकाळी पोपचं सार्वजनिक दर्शन असतं तेव्हा चौक माणसांनी भरतो, आणि व्हॅटिकन संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात. जहाजाचा वार आपल्या हातात नसतो, पण तो पाहून बेत तरी बदलता येतो.

तिथून ओत्ताविआनो स्टेशनला जाऊन मेट्रोची ‘ए’ लाइन धरली. लेपान्तोनंतर गाडी एकदम जमिनीवर येते, टायबर नदीच्या पुलावरून जाते, आणि डोळे दिपेपर्यंत पुन्हा बोगद्यात. स्पान्याला उतरून प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्या, तिथून चालत त्रेव्हीचं कारंजं. त्रेव्हीबद्दल लिहीत नाही, कारंज्यापेक्षा माणसंच जास्त पाहिली. बार्बेरिनीवरून पुन्हा मेट्रो, तेर्मिनीला ‘बी’ लाइन, कोलोस्सेओ. स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की कोलोसियम समोरच, रस्त्यापलीकडे. चार मजली इमारत अंगावर आल्यासारखी. आत जायचं आधीपासूनच नव्हतं, त्याची वेळ ठरवून तिकिटं काढावी लागतात आणि आम्हाला जहाज गाठायचं होतं. सावलीत बसून पोळीभाजी काढली. (जहाजातल्या नाश्त्याच्या टेबलावरून बांधून आणलेले ब्रेडरोल आणि आईंची चटणी, पण पोळीभाजीच म्हणायचं.)

परतीसाठी मी ठरवून तेर्मिनी टाळलं. कोलोस्सेओवरून त्याच ‘बी’ लाइनने दोन थांबे पुढे पिरामिदे. स्टेशनबाहेर खरोखरच पिरॅमिड आहे, गायुस सेस्टियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याची कबर, दोन हजार वर्षांपूर्वीची, सुमारे ३६ मीटर उंच. बाबांना दिवसभरात सगळ्यात जास्त आवडलं ते हे. “याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, पण जागा बघ केवढी अडवलीय,” ते म्हणाले. मेट्रोखालून भुयारी रस्त्याने ओस्तिएन्से रेल्वे स्टेशनला जाता येतं. १९३८ मध्ये हिटलर रोमला आला तेव्हा इथेच उतरला होता, त्याच्यासाठी म्हणून हे स्टेशन घाईने नव्याने सजवलं होतं. चिविताव्हेक्क्याच्या गाड्या इथे थांबतात, तेर्मिनीच्या मानाने फलाट जवळ, पण जागा मिळण्याची खात्री नाही. त्रास्तेवेरे स्टेशनपर्यंत आई एका विद्यार्थ्याने उठून दिलेल्या जागेवर आणि आम्ही तिघं उभे.

वेळ मात्र उलटी मोजायची. जहाज सातला सुटणार, साडेसहाला शेवटचा माणूस आत. लार्गो देल्ला पाचेला सहाच्या आधी पोचायचं, म्हणजे चिविताव्हेक्क्याला पाचला उतरायचं. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, आपण स्वतःहून गेलेलो असलो तर नाही. म्हणून शेवटच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या गाडीचा बेत करावा, ती रद्द झाली तरी हातात एक उरते.

आम्ही त्याहीपेक्षा लवकर निघालो होतो, आणि इथे बिर्ग खरं कामाला आलं. गाडीत नवऱ्याने विचारलं, “सांता मारिनेल्लाला उतरू या का?” आधी मी नाहीच म्हटलं. पण तिकीट दिवसभराचं, मधे कुठेही उतरा. आणि सांता मारिनेल्ला चिविताव्हेक्क्याच्या अगदी अलीकडे. इथे पुढची गाडी चुकलीच तरी टॅक्सीने बंदर गाठता येईल इतकं जवळ. रोममध्ये हा जुगार कुणी खेळू नये, इथे चालतो. उतरलो. स्टेशनपासून पाच-सात मिनिटांत समुद्र, छोटी पुळण, सुट्टीवर आलेली इटालियन कुटुंबं. आईंनी साडी थोडी वर धरून पाय पाण्यात घातले. बाबा काठावर जोडे हातात घेऊन दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते, त्यामुळे आम्हाला कुणाला बघावं लागलं नाही.

एवढं कौतुक केलं, तरी हे तिकीट सगळ्यांसाठी नाही. फक्त व्हॅटिकन बघून सान पिएत्रोवरूनच परत येणार असाल, तर दोन साधी तिकिटं घ्या, बिर्गचे जास्तीचे पैसे वाया जातील. शहरात एकदाच मेट्रो लागणार असेल तर फाटकावर बँकेचं स्पर्शाने चालणारं कार्ड टेकवलं की काम होतं. आणि निघण्याआधी संपाची बातमी पाहाच. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. पण क्रूझवाल्याच्या परतीची वेळ नेमकी त्या दोन वेळांच्या मधे पडते, आणि संध्याकाळच्या सहाची गाडी धरून सातचं जहाज मिळत नाही. त्या दिवशी मुकाट्याने जहाजाची बस घ्यावी, नाहीतर चिविताव्हेक्क्यातच किल्ला बघावा. आदल्या रात्री जहाजाच्या महागड्या वायफायचे पैसे मोजायचेच असतील, तर या एका गोष्टीसाठी मोजा.