तुम्ही विचारलंत म्हणून : बाळाला वरचे अन्न केव्हा सुरू करावे?

"डॉक्टर, बाळाला वरचं कधी सुरू करायचं?" हा प्रश्न मला दवाखान्यात लस टोचताना विचारला जातो, तसाच लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते : सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण १८० दिवसांनंतर, आणि त्यापुढे उशीर न करता. तरीही एवढ्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही, कारण आजीला अंगावरचे दूध पुरत नसल्याची शंका असते, आईची रजा संपत आलेली असते आणि उष्टावणासाठी मामाला सुटी केव्हा मिळेल याचा हिशेब घरात चालू असतो.

आजी आणि मावशी चौथ्या महिन्याचा आग्रह धरतात, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांची मुले लहान होती तेव्हा चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचे अन्न सुरू करा, असाच सल्ला सर्वत्र दिला जात असे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, ही शिफारस जागतिक आरोग्य सभेने २००१ मध्ये स्वीकारली. आपल्याकडे शिशुआहाराच्या जाहिरातींना आळा घालणारा १९९२ चा कायदा आहे. त्यात पूरक आहाराच्या व्याख्येत आधी चार महिने असे होते, ते २००३ च्या दुरुस्तीने सहा महिने झाले. सुश्रुतसंहितेत मात्र सहाव्या महिन्यात हलके आणि हितकर अन्न द्यावे असे पूर्वीपासूनच सांगितलेले आहे. फक्त घरात "सहावा लागला" आणि "सहा पूर्ण झाले" यांत गल्लत होते आणि पाच महिने संपताच वाटी-चमचा बाहेर निघतो.

सहा महिन्यांचीच मर्यादा का, याचे मुख्य कारण लोह आहे. पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे बाळ आईच्या पोटातून लोहाचा जो साठा घेऊन येते, तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातले लोह अंगी चांगले लागते, पण ते प्रमाणाने फार थोडे असते. त्याच सुमारास बाळाची ऊर्जेची गरजही दुधाच्या पुढे जाऊ लागते, आणि सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाकाठी सुमारे २०० कॅलरी वरच्या अन्नातून मिळाव्या लागतात. शरीराची तयारीही याच वेळी होत असते. मान धरलेली असते, आधाराने बसता येते, आणि तोंडात आलेली वस्तू जिभेने बाहेर ढकलण्याची जन्मजात सवय कमी होते. चौथ्या महिन्यात भरवलेला घास बाळ जिभेने ओठांवर आणून सोडते, तेव्हा घरातले "आवडलं नाही वाटतं" असे म्हणतात. खरे तर त्याला अजून गिळता येत नसते. मुठी चोखणे आणि रात्री जास्त वेळा उठणे यांवरून दूध कमी पडते असे ठरवू नये. वजन नीट वाढत असेल आणि दिवसभरात सहा-सात वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरत आहे.

नोकरी करणाऱ्या आईची अडचण खरी आहे. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते खरी, पण त्यातले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले असतील, तर बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचे असतानाच कामावर हजर व्हावे लागते. शेतमजुरी किंवा घरकाम करणाऱ्या बाईला तेवढीही रजा नसते. अशा वेळी घाईने पेज सुरू करण्यापेक्षा दूध काढून ठेवावे आणि घरच्यांनी ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. ते घरात थंड जागी झाकून चार तास आणि फ्रिजमध्ये चोवीस तास चांगले राहते.

उष्टावणाबद्दल माझे म्हणणे साधे आहे. मुलाचे सहाव्या-आठव्या महिन्यात आणि मुलीचे पाचव्या-सातव्या महिन्यात करण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर चाटवण्याला माझी मुळीच हरकत नाही, पण रोजच्या भरवण्याची तारीख त्या समारंभाला बांधू नये. मुहूर्त मिळाला नाही म्हणून आठवा महिना उजाडेपर्यंत केवळ दुधावर ठेवलेली बाळे मी पाहतो. त्यांचे तळवे पांढुरके असतात आणि वजनाची रेघ आडवी झालेली असते.

लवकर सुरू करण्याची चिंता सगळे करतात, उशिराची फारशी कोणी करत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधासोबत घन किंवा मऊ अन्न मिळणारी बाळे केवळ ४५.९ टक्के आढळली. शिवाय वेळेवर सुरू होते तेही बहुधा पाणीच असते. डाळीचे वरचे पाणी, भाताची निवळ, फळाचा रस या गोष्टी आजही मोठ्या कौतुकाने भरवल्या जातात. या वयातल्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर मावते. ती वाटी निवळीने भरली, तर पोट भरते पण पोषण होत नाही, आणि बाळ दूधही कमी पिते. म्हणून मी आईला चमचा तिरका करून पाहायला सांगतो. त्यावरचे अन्न ओघळून गेले तर ते पातळ आहे. चमच्यावर टिकले आणि हळूच घसरले तर ते बरोबर आहे.

तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र शिजवून केलेला गुरगुट्या भात चमच्याच्या पाठीने घोटावा आणि त्यात चमचाभर साजूक तूप घालावे, यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही. नाचणीसत्त्वाची दाट खीर, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा किंवा लाल भोपळा हेही चालते. सुरुवातीला दोन-तीन चमचे दिवसातून दोनदा पुरेत, पण अंगावरचे दूध चालूच ठेवावे. लोहासाठी पुढच्या काही आठवड्यांत पालेभाजी, डाळी आणि खाणाऱ्यांच्या घरी अंडे, मासे किंवा मांस आलेच पाहिजे. अंडे आणि शेंगदाणा ॲलर्जीच्या भीतीने वर्षभर टाळण्याची आता शिफारस नाही; मात्र शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट भातात मिसळून द्यावे, अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नये. सगळे मिक्सरमधून काढण्याची सवयही नको, कारण आठव्या-नवव्या महिन्यात तोंडाला बारीक गाठींची ओळख झाली नाही, तर पुढे मूल घास चावायला कंटाळते. वर्षापर्यंत मीठ-साखर नको. मध तर बोटभर चाटवायलाही नको, गुटीतूनसुद्धा नको, कारण त्यातून लहान बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

मुदतीपूर्वी किंवा फार कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळांना मात्र हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांचा लोहाचा साठा मुळातच अपुरा असल्याने लोहाचे थेंब फार आधी सुरू करावे लागतात आणि अन्नाची वेळ ठरवताना जन्मतारखेबरोबर प्रसूतीची अपेक्षित तारीखही पाहावी लागते. अशा बाळाला घेऊन येताना जन्माच्या वेळची कागदपत्रे सोबत आणावीत, म्हणजे त्याच्या मानेचा तोल आणि वजनाची वाढ पाहून दिवस ठरवता येतो.