फासे ठेवून माळ राखणारे

अकोल्याहून बार्शीटाकळी, महान करत पुढं गेलं की सोयाबीन-पऱ्हाटीच्या मधेमधे बरड माळ लागतात. यातली बरीच जमीन ई-क्लास, म्हणजे गावाच्या चराईची सरकारी जमीन. कुणालाही विचारा, 'पडीक' हेच उत्तर. श्रावणात त्याच पडिकावर कुसळी अन् पवन्याचं गवत गुडघ्याला लागतं, आणि नशीब असलं तर त्यात तणमोर दिसतो. जगभरात अतिसंकटग्रस्त ठरलेला हा पक्षी बघायलाच मी गेलो होतो.

सोबत फासेपारध्यांच्या बेड्यावरचे, म्हणजे वस्तीवरचे, एक बाबा होते. चालता चालता थांबले आणि मला दंडाला धरून खाली बसवलं. "नर आता उडंन, भाऊ. त्याची जागा ठरेल असते." थोड्या वेळानं बेडकासारखा टर्र आवाज झाला, गवताच्या वर काळं-पांढरं काहीतरी उसळलं आणि पुन्हा आत गडप. दुर्बीण माझ्या गळ्यात होती, पण जागा त्यांनी आधीच ओळखली होती.

बेड्यावर त्यांनी जुने फासे काढून दाखवले. एका दोरीवर ओळीनं बांबूच्या बारीक खुंट्या, प्रत्येक खुंटीला पाखराची मान अडकेल एवढा सरफास. जनावराच्या आडोशानं चालायचं, तित्तर बिचकू द्यायचा नाही, त्याच्या वाटेत फासे रोवायचे. गाभण हरणी किंवा अंड्यावरची मादी सापडली तर सोडायची, ही जुनी रीत. उद्या पुन्हा याच माळावर पोट भरायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं असल्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, लोकांच्या नजरेतला संशय अजून गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण पारध्यांनी खायचं काय, हे कुणी विचारलं नाही. कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेनं या भागातल्या बेड्यांसोबत नेटानं काम केलं. बेड्यांनी माळाचे तुकडे राखून ठेवले: तिथं शिकार नाही, चराई नाही, उन्हाळ्यात वणव्यावर नजर. "बी झडल्याबिगर गवताले इळा लावाचा नाही," बाबा म्हणाले.

मला राग येतो तो माळावर चर खोदून झाडं लावण्याचा. तणमोराला उघडं गवत लागतं, झाडी नको. माळ वनजमिनीत असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभा तो राखण्याचा हक्क मागू शकते. ई-क्लासला ती वाट नाही, म्हणून तिथं ग्रामपंचायतीनं पारध्यांना राखणदार नेमून रीतसर मजुरी द्यावी.

तुम्ही जाणार असाल तर गाडी माळावर घालू नका, मादी भुईवरच अंडी घालते. बेड्यावरचा माणूस सोबत घ्या आणि त्याची पूर्ण दिवसाची मजुरी द्या.