साठीनंतर वर्गमित्रांसोबत गुहागर : तारीख तिथीवरून काढा

आमच्या दहावीच्या वर्गाच्या सहलीची तारीख कोणाच्या सोयीने ठरत नाही. कोणाच्या नातवाची परीक्षा, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, याचा मेळ घालत बसलं की वर्ष निघून जातं. त्यामुळे पौर्णिमा आणि तिच्या आधीचे दोन दिवस धरतो. ज्याला जमेल तो येतो.

पौर्णिमा धरायची ती भरती-ओहोटीसाठी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीच्या पाऊणपट, ती भरतीची वेळ. चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे ऐन संध्याकाळी. थोडं मागेपुढे होतंच, नेमकी वेळ यजमानांना विचारून घ्यावी. गुहागरच्या लांबलचक किनाऱ्यावर तेव्हा ओल्या, टणक वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि गुडघे दुखणारेही गप्पा मारत आरामात चालतात. अष्टमीला नेमकं उलटं. भरती सहाला, चालायला उरते ती वरची सुरूंजवळची भुसभुशीत वाळू. तिच्यात पाऊल रुततं, घोटा मुरगळतो आणि दुसऱ्या दिवशी अर्धी मंडळी खोलीत.

हेदवीच्या बामणघळीला मात्र भरतीच हवी. खडकातल्या चिंचोळ्या भेगेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. पौर्णिमेची भरती मोठी आणि वेळही दुपारच्या जेवणाआधीची, म्हणून हेदवी सकाळी आणि गुहागरची वाळू संध्याकाळी. घळीजवळचा खडक ओला, निसरडा असतो. काठी घेणाऱ्यांनी उमामहेश्वराच्या देवळापाशी थांबावं. "मला काही होत नाही" म्हणणारा प्रत्येक वर्गात एक असतोच. त्याला दोघांनी मध्ये घ्यावं.

मुंबईहून रात्रीच्या गाड्या चिपळूणला पहाटे अंधारात सोडतात, म्हणून आम्ही सकाळची मांडवी एक्सप्रेस धरतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सगळ्यांची नावं एकाच तिकिटावर घालू नका. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा एकट्याने किंवा दोघांनी काढलेल्या तिकिटालाच मिळतो. जोड्या करून एकाच वेळी काढावीत. डबे वेगळे आले तर आले, गप्पांना पुढे वेळ आहे. तिकिटात सवलत नाही, ती २०२० पासून बंद आहे. चिपळूणहून गुहागर साधारण ४५ किलोमीटर. एसटीत ६५ पूर्ण झालेल्यांना अर्धं तिकीट, आणि एकाच वर्गातले असल्याने सगळे जवळपास एकदमच पात्र होतात. पंचाहत्तरीनंतर पूर्ण मोफत, तोवर तब्येत सांभाळायची! आधार कार्ड मात्र पिशवीच्या तळाशी नको, खिशात हवं.

खोल्या तळमजल्यावरच घ्याव्यात. फोनवर "कमोड आहे का" एवढंच विचारून भागत नाही. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, उंबरा केवढा आहे, रात्री वीज गेली तर दिवा कुठला, हेही विचारा. बॅटरी प्रत्येकाच्या उशाशी हवीच.

जेवणाची वेळ आधीच सांगून ठेवावी. दुपारचं जेवण दोनवर गेलं की मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर उतरते. खिशात खडीसाखर असावी. सोलकढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची असेल तर जपून, आगळात मीठ भरपूर असतं. रक्तदाबवाल्यांसाठी भिजवलेल्या आमसुलांची, वेगळी, कमी मिठाची करून मागावी. घरगुती खानावळीत आनंदाने देतात.

पुढे गणपतीपुळ्याला जायचं तर तवसाळहून जयगडला फेरीबोटीने गाडीसकट खाडी ओलांडावी, रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. उतरत्या धक्क्यावर शेवाळ असतं, म्हणून पायी चढण्यापेक्षा गाडीतच बसून राहावं. पुळ्याची प्रदक्षिणा डोंगराभोवती, साधारण किलोमीटरभर आणि अनवाणी, तेव्हा ऊन तापायच्या आत उरकावी. तिथल्या समुद्रात गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, ओढ फसवी आहे. संकष्टीला तिथे गर्दी लोटते. पौर्णिमेला परत निघालं की ती आपोआप टळते.

पैशांचा हिशेब एकाकडेच. वर्गणी सगळ्यांची सारखी. ज्याला जड जाईल त्याने फक्त खजिनदाराला सांगायचं, बाकी कोणी विचारायचं नाही. उरलेली रक्कम परत वाटत नाही. पुढच्या वेळी अशा एखाद्याचं तिकीट त्यातून निघतं.