1,94,000 किमी मारुती झेन: कुर्ल्याचं इंजिन की आपलंच?

मागच्या नोंदीनंतर दोघातिघांनी विचारलं की धूर सोडणारं जुनं इंजिन दुरुस्त करायचं की बदलायचं, म्हणून सविस्तर लिहितो. गाडी तीच, 1998 ची कार्ब्युरेटरवाली झेन, 993 सीसी. सकाळी सुरू केली की निळा धूर, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल, आणि मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये असा दम टाकायची की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायचा.

मिस्त्रींनी बॉनेटही न उघडता निकाल दिला: "हाफ इंजिन करून टाका, नाहीतर कुर्ल्याहून दुसरं आणा." हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह असं वरचं काम नवं; त्याचा अंदाज 28,000. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातलं 18,000, बसवायचे 7,000 वेगळे. म्हणजे दुसरं इंजिन स्वस्त! शनिवारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन आलो.

दुकानाबाहेर इंजिनं एकावर एक रचलेली. "चालू गाडीतून उतरवलंय साहेब, डोळे मिटून घ्या." मी डोळे उघडे ठेवून ऑइलचं झाकण काढलं, तर आत डांबरासारखा गाळ. प्लगची भोकं उघडी, म्हणजे गेला पावसाळा आत गेला असणार. गिअरबॉक्स, स्टार्टर काहीच नाही, तर कॉम्प्रेशन (पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते) बघणार कसं? आणि आरसीवर इंजिन नंबर असतो. बदललं तर वडाळा आरटीओला नोंद करून घ्यायची, त्यासाठी पक्कं बिल हवं. बिलाचं नाव काढताच दुकानदाराला दुसरं गिऱ्हाईक दिसलं. गाडीची पुनर्नोंदणी 2023 मध्येच झालीय, 2028 पर्यंत कागद स्वच्छ आहेत. ते कशाला घाण करायचे?

तेव्हा रविवारी आपल्याच इंजिनाला कॉम्प्रेशन गेज लावला. सुझुकीच्या मॅन्युअलप्रमाणे नवं इंजिन 14 किलो (दर चौरस सेंटीमीटरला), खालची मर्यादा 12, आणि सिलिंडरांमध्ये फरक एकच्या आत. माझे आकडे: 12.3, 12.2, 8, 12.4. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा. पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या असतील तर ऑइलने फट भरते आणि आकडा उडी मारतो. तिसरा 8 वरून जेमतेम 8.3 ला गेला. बाकीचेही थोडेच वाढले. म्हणजे रिंगा झिजल्यात, पण गेलेल्या नाहीत.

खात्रीसाठी एक उद्योग केला. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह वेल्ड करून घेतला आणि एलबीएस रोडवरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. तिसरा पिस्टन वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हवा सोडली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कान लावला. फुस्सऽऽ! पंक्चरवाला म्हणाला, "दादा, हवा तर मागून निघतेय." म्हणजे जळका धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. संपला विषय.

हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवल्यावर व्हॉल्व्हची कड नखाच्या चंद्रकोरीएवढी जळून उडालेली दिसली. कारण शोधताना मात्र मीच ओशाळलो. आधीच्या मालकाने गाडी बरीच वर्षं सीएनजीवर चालवली होती. त्यात सीट (व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो ती कड) झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली) मिटत जाते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, सीटला उष्णता देऊ शकत नाही आणि जळतो. त्या टॅपेटमध्ये फट मोजायच्या फिलर गेजचं सगळ्यात पातळ पातंही जाईना. आणि मी दोन वर्षं मित्रांना सांगत होतो, बघा, टॅपेटचा आवाज शून्य!

बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) हॉनिंगच्या, म्हणजे घासून मुद्दाम पाडलेल्या, तिरक्या रेघा अजून दिसतात. मिस्त्रींचा आग्रह, "एवढं उघडलंय तर रिंगा टाकून घ्या." आपल्या छंदातलं सगळ्यात महाग वाक्य हेच. इतकी वर्षं चाललेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा हॉनिंगशिवाय नीट बसत नाहीत, आणि हॉनिंग म्हटलं की इंजिन खाली उतरवणं आलं. ऑइलपॅनला हात लावू दिला नाही.

लेथवाल्याकडे हेडला हलकं फेसिंग (तळ घासून सपाट करणं), तिसऱ्याचा नवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सीट कटिंग. व्हॉल्व्ह सील आठही बदलली, ती दगडासारखी कडक झाली होती. सकाळचा धूर तिथलाच. लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं, मी घरी बाल्कनीत केलं. पेस्टची खरखर हळूहळू मऊ होते आणि सीटवर सलग राखाडी कडं उमटतं, तिथे थांबायचं. मग हेडच्या पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) पेट्रोल ओतून दहा मिनिटं ठेवलं. थेंबही झिरपला नाही. बायकोने तेवढा वेळ गॅस बंद ठेवून चहा रोखून धरला.

गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि सध्याच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने फुगलेला रबरी पाइप धरून एकूण 11,600. कॉम्प्रेशनचे नवे आकडे 12.9, 12.8, 13.1, 13.

टॅपेट आता किंचित टिकटिकतात, वाजू देत. गाडी पूल तिसऱ्या गिअरमध्येच चढली. 340 किमी झाले, डिपस्टिकवरची खूण हललेली नाही. ऑइलचा पक्का हिशेब हजार किमी झाले की देतो.