साडेतीन तास अभ्यास आणि पाऊण पान

डिसेंबरात पहिल्या प्री-बोर्डचे, म्हणजे बोर्डाआधी शाळेत होणाऱ्या सराव परीक्षेचे, पेपर वाटले की आमच्या शाळेतल्या समुपदेशन खोलीबाहेरचा बाक रिकामा राहत नाही. दहावीची मुलं येतात, त्यांचे आईवडील येतात, आणि बहुतेकांच्या तोंडी एकच तक्रार असते: वेळ पुरत नाही. इंदूरच्या या शाळेत मी समुपदेशक म्हणून काम करते. सीबीएसईची परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. घरोघरी मोबाइल जप्त झालेला असतो, टीव्ही बंद, लग्नकार्याला जाणं बंद.

त्या दिवशी आलेल्या मुलीच्या घरी मोबाइलवरून भांडण नव्हतंच, कारण तिच्याकडे स्वतःचा फोनच नव्हता. वर्गशिक्षिकेनं चिठ्ठीत लिहिलं होतं, 'अतिशय मेहनती. विज्ञान ८० पैकी ४१, गणित ३८. कारण कळत नाही.'

मुलगी लोकमान्य नगरातली, मराठी घरातली. आल्या आल्या तिनं दप्तरातून गुंडाळलेला चार्ट पेपर काढून टेबलावर पसरला. टाइमटेबल. विषयांचे वेगवेगळे रंग, पट्टीनं आखलेले चौकोन, सुरेख अक्षर.

"मॅम, मी रोज सात तास अभ्यास करते. वाटलं तर घरी विचारा. सगळं येतं मला, पण पेपर हातात आला की ब्लँक होऊन जाते."

टाइमटेबल मी बाजूला ठेवलं आणि तिला कालचा दिवस लिहायला सांगितला. काय करायचं ठरलं होतं ते नव्हे, प्रत्यक्षात काय झालं ते, घड्याळाच्या वेळेसकट. टाइमटेबल भविष्याबद्दल असतं आणि भविष्यात सगळेच पहाटे उठतात. घडून गेलेल्या दिवसाला असं सजवता येत नाही.

तिनं लिहिलं. पावणेसहाला उठली. सहा पन्नासला व्हॅन, व्हॅनमध्ये अर्धा तास सामाजिक शास्त्राची वही. साडेसात ते दोन शाळा. दोन चाळीसला घरी. चारला कोचिंगसाठी निघाली. गीता भवनजवळ साडेचार ते साडेसात क्लास. आठ दहाला घरी, जेवण, थोड्या गप्पा. साडेनऊ ते एक अभ्यास. सव्वाला झोप.

व्हॅनमधला अर्धा तास, कोचिंगचे तीन, रात्रीचे साडेतीन. सात भरले. मुलगी खोटं बोलत नव्हती. झोप मात्र भरली साडेचार तास. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१६ मध्ये तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी रोज ८ ते १० तास झोपेची शिफारस केली आहे. ही मुलगी त्याच्या जवळपास निम्म्यावर चालली होती. दिवसभरात शिकलेलं मेंदूत पक्कं बसायला झोप लागते. ती कापली की कोचिंगची फी अर्धी वाया गेली असं मी पालकांना सरळ सांगते.

पण एवढ्यानं ४१ गुणांचा उलगडा होत नव्हता. रात्री साडेतीन तास नेमकं काय केलंस, असं विचारलं. ती उत्साहानं सांगू लागली. आधी विज्ञानाच्या 'लाइफ प्रोसेसेस' या धड्याच्या नोट्स फेअर वहीत उतरवल्या. मग कोचिंगच्या वहीतली सोडवलेली गणितं पुन्हा एकदा नीट लिहून काढली. मग इतिहास वाचून हायलायटर मारले.

"लाइफ प्रोसेसेस किती वेळा झालाय?"

"खूप वेळा मॅम. तो तर पक्का आहे."

मी तिच्यापुढे एक कोरा कागद ठेवला. पुस्तक, वही दप्तरात. वीस मिनिटं, आणि या धड्यातलं आठवेल ते सगळं लिही म्हटलं. परीक्षा नाही, गुण नाहीत, मी तपासणारही नाही.

तिनं मथळा लिहिला, जाड अक्षरात, खाली दोन रेघा. 'न्यूट्रिशन' असं उपशीर्षक, त्यालाही रेघ. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण बरोबर लिहिलं. पचनसंस्थेची आकृती काढू लागली, जठरापर्यंत आली आणि थांबली. मग उत्सर्जनाकडे वळली. नेफ्रॉनचा, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणीचा, आकार तिच्या हाताला सरावाचा होता, त्या वेटोळ्या नळ्या एका झटक्यात उमटल्या. पण नावांसाठी बाण काढले आणि त्यांच्या टोकाशी काहीच लिहिता येईना. पेन हवेत. डोळे मिटले. मग ती म्हणाली,

"मॅम, ते उजव्या पानावर खाली आहे. पिवळ्यानं मार्क केलंय. त्याच्या शेजारी मी स्टार काढलाय."

पान कोणतं, कोपरा कोणता, रंग कोणता, हे सगळं तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. तिथं काय लिहिलंय तेवढंच आठवत नव्हतं. तो शब्द 'ग्लोमेरुलस' होता, नेफ्रॉनच्या तोंडाशी असलेला बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ.

वीस मिनिटांनी पाऊण पान भरलं होतं. तिनं त्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "मी मग इतके दिवस काय करत होते?"

ही मुलगी आळशी नव्हती, मठ्ठ तर मुळीच नव्हती. रोज समोरून जाणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखीचा होतो, म्हणून त्याचं नाव सांगता येतंच असं नाही. धडा पुन्हा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि मन म्हणतं, येतंय. पेपरात समोर ओळ नसते, नुसता प्रश्न असतो. आतून बाहेर काढण्याची सवय वेगळी आणि ती केल्यानंच लागते. तिच्या साडेतीन तासांत पुस्तक मिटून बसलेलं एकही मिनिट नव्हतं.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला, तो मी तिला सांगितला. सगळ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी उतारा न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तेव्हा पारडं फिरलं: लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. आमची मुलं रात्री त्या पहिल्या पाच मिनिटांच्या समाधानावर झोपी जातात, पेपर मात्र कितीतरी दिवसांनी येतो. २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास थोडा थोडा करून अनेक दिवसांत विभागणं या दोन सर्वांत उपयोगी ठरल्या. अधोरेखित करणं आणि पुन्हा वाचणं तळाच्या गटात गेलं. हायलायटर टाकून द्या असं मी म्हणत नाही. पान रंगलं म्हणजे अभ्यास झाला, असं मात्र समजू नये.

मी तिला पुस्तक उघडून लाल पेननं त्याच कागदावर राहिलेलं भरायला सांगितलं. तिनं भरलं, चटचट, कारण काय राहिलंय ते आता तिला माहीत होतं. ग्लोमेरुलस लिहिताना तिनं त्याभोवती गोल केला. मग पुन्हा पुस्तक बंद आणि दुसरा कोरा कागद. या वेळी दहाच मिनिटांत दीड पान झालं, मथळ्याखाली रेघा न मारता.

सुट्टीच्या वेळी तिचे बाबा आले. पीथमपूरला कंपनीत आहेत, त्या दिवशी मुद्दाम रजा टाकली होती. सोबत आजी. नात एकटी कशी जागणार म्हणून आजी रोज रात्री एकपर्यंत तिच्याजवळ बसायच्या, हे मला तेव्हा कळलं.

बाबांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. "मॅडम, घरी डिस्टर्ब होत असेल तर भंवरकुआंला लायब्ररी लावून देऊ का? रात्री अकरापर्यंत बसेल, मी घ्यायला जाईन."

भंवरकुआंच्या त्या खासगी लायब्रऱ्या, एकेका टेबलाला पडदा लावलेल्या, पीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या मोठ्या मुलांसाठी सोयीच्या आहेत. पंधरा वर्षांच्या मुलीला तिथं आणखी तीन तास नोट्स उतरवायला बसवून काय साधणार? मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. बाबा बराच वेळ बघत राहिले.

आम्ही चौघांनी मिळून दिवस नव्यानं मांडला. कोचिंगचा शेवटचा तास डाउट क्लासचा होता आणि तिथं ती रोज दुसऱ्यांचे डाउट ऐकत बसायची. तो सोडायचा, म्हणजे सात दहाला घरी. आठवड्यातून एकदा, स्वतः अडलेल्या प्रश्नांची यादी घेऊनच थांबायचं. दुपारी जेवून थोडं आडवं पडल्यावर तीन दहा ते तीन पन्नास विज्ञान, कोऱ्या कागदावर. साडेसात ते साडेआठ गणित. सव्वानऊ ते सव्वादहा एक विषय. साडेदहाला दिवा बंद.

बाबांनी बोटांवर हिशेब केला. "हे तर दोन तास चाळीस मिनिटं झाले. आधी साडेतीन होते. म्हणजे अभ्यास कमीच केला आपण."

हा प्रश्न मला नेहमी येतो आणि मला त्याचा राग येत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर तासांवर काम केलं तो तासच मोजणार. मी त्यांना एवढंच म्हटलं, की पंधरा दिवस तास मोजू नका, रोज रात्री तिचा कोरा कागद बघा. झोप आता सव्वासात तास होत होती. आठ व्हायला हवी होती, पण शाळेची वेळ माझ्या हातात नाही. रविवारी सकाळी कुणीही उठवायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं.

गणिताची कहाणी वेगळी होती. ती वर्गसमीकरणांची दहा गणितं ओळीनं सोडवायची आणि दहावं झाकल्या डोळ्यांनी यायचं. पेपरात आधी हे ठरवावं लागतं की गणित कशाचं आहे. रोरर आणि टेलर यांच्या २००७ मधल्या प्रयोगात एकाच प्रकारची गणितं ओळीनं करणाऱ्यांना सरावात ८९ टक्के मिळाले, मिसळून करणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिल्यांना २० आणि दुसऱ्यांना ६३. म्हणून रोजच्या गणितांत समीकरण, त्रिकोणमिती, संभाव्यता अशी सरमिसळ करायला सांगितली. पहिले काही दिवस ती रडकुंडीला आली, कारण मिसळलेली गणितं चुकतात फार. ते मी आधीच सांगून ठेवलं होतं.

गणिताच्या पेपरात तिचा शेवटचा विभाग कोरा होता. केस स्टडीचे, म्हणजे दिलेल्या प्रसंगावरचे, तीन प्रश्न, चार-चार गुणांचे, म्हणजे १२ गुण. त्या आधी एका दोन गुणांच्या प्रश्नाची आकृती तिनं शेडिंगसकट काढली होती. ८० गुणांना १८० मिनिटं असतात. गुणाला दोन मिनिटं धरली की १६० होतात आणि तपासायला वीस उरतात. तेव्हा दोन गुणांच्या प्रश्नाला चार मिनिटं, त्यापुढे पुढचा प्रश्न. साडेदहाला लिहायला सुरुवात होण्याआधी पेपर वाचायला मिळणाऱ्या १५ मिनिटांत आपल्याला नक्की येणाऱ्या प्रश्नांवर नजर पक्की करायची. सुंदर अक्षराच्या मुलांना हे जड जातं. तिलाही गेलं.

आजी तोवर गप्प होत्या. निघताना म्हणाल्या, "बाई, मग मी रात्री काय करू? मला इंग्रजी येत नाही."

"आजी, तेच बरं आहे. ती तुम्हाला मराठीत समजावून सांगेल. तुम्हाला कळलं नाही तर तिला आलेलं नाही."

आजींनी हे काम फार मनावर घेतलं. जानेवारीत मुलगी पुन्हा आली तेव्हा तिनंच सांगितलं. नेफ्रॉन समजावताना आजींनी विचारलं, मग डॉक्टरांनी बीपीची नवी गोळी दिल्यापासून मला सारखं लघवीला का जावं लागतं? तिला उत्तर येईना. तिनं दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांना गाठलं. बीपीच्या काही गोळ्या मूत्रपिंडातून मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकायला लावतात, आणि जे पाणी नळीतून परत रक्तात शोषलं जायचं ते तसंच पुढे जातं, हे तिनं घरी जाऊन आजींना आकृती काढून दाखवलं. हे सांगताना तिनं पुस्तकातलं 'रीॲब्सॉर्प्शन' कुठल्या पानावर आहे ते सांगितलं नाही. ते काय असतं ते सांगितलं.

दुसऱ्या प्री-बोर्डात विज्ञानात ५८ आले. गणितात ४७, शेवटच्या विभागातले तीनपैकी दोन प्रश्न सोडवलेले. तिसऱ्यासाठी वेळ उरला नाही, कारण एका प्रमेयात ती अकरा मिनिटं अडकून बसली होती. तो पेपर आम्ही मिनिटांसकट पुन्हा मांडला आणि अडकलं की कुठं सोडून पुढे जायचं ते तिनं स्वतःच लाल पेननं खुणा करून दाखवलं. बोर्डाला तेव्हा चार आठवड्यांहून कमी वेळ होता. सामाजिक शास्त्राला मात्र या नव्या पद्धतीनं अजून हातच लागला नव्हता. युरोपातल्या राष्ट्रवादाचा पहिला धडा त्या रात्री आजींना सांगायचं ठरवून ती वर्गात गेली.