खाडी मोजून मुक्काम

कोकणात सायकलवर जायचा बेत आखायला बसलं की पहिल्यांदा किलोमीटर विसरायचे. अलिबाग ते रत्नागिरी नकाशावर वीतभरसुद्धा नसतं. समुद्र उजव्या हाताला, रस्ता किनाऱ्याकिनाऱ्यानं, म्हणजे सपाटच असणार, रोजचे ऐंशी-नव्वद सहज निघतील, असा हिशेब घाटावरचा माणूस डोळे मिटून करतो. हा हिशेब पहिल्या दिवशी दुपारपर्यंत टिकतो.

सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्यांनी इथलं जांभ्याचं पठार जागोजागी कापून ठेवलंय. वर सडा, खाली खाडी. सड्यावर कातळ, वाळकं गवत आणि वारा. खाली माड, पोफळी, देऊळ, पोस्ट ऑफिस, चहाची टपरी. गाव गाठायचं तर उतरा, पुढचं गाव गाठायचं तर चढा. सडा तसा उंच नसतो, शंभर-दीडशे मीटर. पण तो दिवसातून सहा-सातदा भेटतो. ६५ किलोमीटरच्या दिवसात हजार मीटर चढाई सहज होऊन जाते. म्हणजे खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतचा घाट साधारण दोनदा, आणि तोही 'घाट सुरू'ची पाटी कुठेही न दिसता.

पुण्यातल्या सायकलवाल्यांना सिंहगडाचा फार अभिमान असतो. असावा. पण सिंहगड एकदा चढला की संपतो. वर भजी आहेत, मडक्यातलं दही आहे, फोटो आहे. कोकणातला चढ संपला की वर काही नसतं. एक वळण, एक एसटीचा थांबा, फार तर एक जांभ्याची खाण आणि लगेच उतार. इतके कष्ट करून कमावलेली उंची दोन मिनिटांत उधळून आपण पुन्हा समुद्रसपाटीला. शिवाय त्या उतारावर तरी मजा करावी, तर वळणावर लाल बारीक खडी सांडलेली असते आणि समोरून रस्ता भरून एसटी येत असते. ब्रेक दाबून दाबून चढापेक्षा उतारालाच हात जास्त दुखतात.

म्हणून यंदाच्या बेतात मैत्रिणीनं आणि मी आधी गिअरचा विचार केला, हॉटेलांचा नंतर. पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्याला ३२ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते. दहा टक्क्यांच्या चढावर ताशी सहा किलोमीटरनं जायचं तर मिनिटाला पंचेचाळीस फेरे मारायला हवेत. मागे सामानाच्या पिशव्या असल्या तर गुडघे तेवढं ऐकत नाहीत. मैत्रिणीनं मागे ४० दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, बसवायची ठरवली. मग त्याला चालणारा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, हवा, मग चेन लांब हवी. दुकानदार म्हणाला, "ताई, एवढ्यात अजून थोडे घातलेत तर सेकंडहँड स्कूटर येईल." ती ऐकणारी नव्हती. मी जुन्याच गिअरवर जाणार आहे आणि अवघड चढ सरळ ढकलत चढणार आहे. ढकलत चढण्यात कसली लाज? ढकलताना निदान करवंदीची जाळी कुठे आहे ते तरी दिसतं.

तर किलोमीटर सोडले, मग मोजायचं काय? खाड्या. आमचा बेत आता खाड्यांत आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडवा, अलिबागवरून रेवदंड्याला कुंडलिका पुलावरून ओलांडायची, कोर्लई, काशीद, मुरूड. पुढे आगरदांड्याहून दिघी ही फेरीबोटीची पहिली खाडी. मग बागमांडल्याहून वेश्वीला सावित्री. मग दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी. मग तवसाळहून जयगडला शास्त्री. एका दिवसात एकच बोट, असा नियम. दोन बोटी म्हणजे मध्ये किमान चार चढ आणि शेवटच्या फेरीकडे डोळे लावून घाई. ती चुकली तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला आत चिपळूणपर्यंत वळसा. मोटारवाले चिडचिड करत घालतात तो. सायकलवाल्याचा त्यात अख्खा दिवस जातो.

या बोटी म्हणजे सहलीतला सगळ्यात आवडता भाग, हे मी उघड सांगते. दहा-पंधरा मिनिटं पाय न हलवता पुढे सरकायचं. आजूबाजूला मोटारी, स्कुटरवर गॅसचा सिलिंडर, कोंबड्यांची टोपली, आणि आपल्या सायकलीची घंटी वाजवून बघणारं एखादं पोर. एक मात्र लक्षात ठेवायचं: ओहोटीच्या वेळी जेट्टीचा उतार खालपर्यंत उघडा पडतो आणि तिथे शेवाळ असतं. सायकलच्या बुटांना खाली क्लीट, म्हणजे पायडलमध्ये अडकणारा धातूचा नाहीतर प्लॅस्टिकचा तुकडा असतो. त्या शेवाळावर तो घेऊन चालणं म्हणजे सगळ्या बोटीची फुकट करमणूक. बूट काढून, अनवाणी, सायकल हातात धरून उतरावं.

या सगळ्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग किती वर्षं ऐकतोय. माझ्यासारख्या चार दिवसांच्या पाहुणीला पूल नकोसा वाटतो. पण रात्री कुणाचं पोट दुखायला लागलं आणि शेवटची बोट निघून गेली असली तर काय होतं, हे दाभोळच्या बाईला विचारावं. पूल व्हावेत. झाले की सायकलला कडेनं हातभर जागा ठेवावी एवढंच.

कधी जायचं, यावर फारसा वाद नव्हता. नाताळ ते एकतीस डिसेंबर सोडून. त्या आठवड्यात अलिबाग-मुरूड रस्त्यावर मोटारींच्या रांगेत सायकल चालवण्यापेक्षा घरी बसावं. मध्य जानेवारी उत्तम. रत्नागिरीला तेव्हा रात्री वीसच्या आसपास उतरतं, दुपारी मात्र तिशी गाठतंच. स्वेटर घेऊन जाणाऱ्याला कोकण हसतं. सकाळी उजाडता उजाडता निघायचं, अकरापर्यंत मोठे चढ संपवायचे, दुपार कुणाच्या तरी पडवीत काढायची आणि चारनंतर उरलेलं. सड्यावर सावली नाही, दुकान नाही, नळ नाही. गाव सोडताना दोन्ही बाटल्या भरल्याशिवाय चढाला लागायचं नाही. आंब्याला मोहोर आलेला असतो त्या दिवसांत. चढावर धापा टाकताना माणूस श्वास खोल घेतो, त्यामुळे मोहोराचा वास मोटारीतल्या माणसापेक्षा आपल्याला कितीतरी पट जास्त मिळतो, हा माझा सिद्धांत आहे.

उत्तरेकडून दक्षिणेकडे का, त्याचंही कारण आहे. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, ते गुणांसाठी. सायकलवर त्यांचा खरा उपयोग. सकाळी जमिनीवरून येणारा वारा मंद असतो, त्रास देत नाही. दुपारनंतर समुद्रावरून सुटतो तो बहुधा वायव्येकडून, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याला पाठीमागून थोडा हात लावतो. रत्नागिरीहून अलिबागला यायचं ठरवलं तर हाच वारा रोज चारला तोंडावर.

मैत्रिणीचा हट्ट शेखाडीच्या रस्त्याचा. दिवेआगरहून श्रीवर्धनला आतूनही जाता येतं, पण आरावी, शेखाडीवरून जाणारा रस्ता अगदी पाण्याला लागून आहे. हे शेखाडी १९९३च्या स्फोटांचा माल उतरला म्हणून खटल्याच्या बातम्यांत गाजलं. आता तिथे वळणावळणावर लोक मोटारी थांबवून सेल्फी काढत असतात. आपल्याला काही न करता तोच समुद्र ताशी पंधराच्या वेगानं मिळतो. माझा हट्ट गुहागरचा, आणि तोही वाळूवरून. गुहागरचा किनारा लांबलचक आणि सरळ. ओहोटीला ओली वाळू अशी घट्ट बसते की साधं टायरसुद्धा रुतत नाही. नंतर चेन गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून, तेल घालावं लागतं, नाहीतर खारं पाणी दोन दिवसांत तिचा रंग बदलून टाकतं. तो त्रास मला मान्य आहे.

पण ओहोटी सकाळी हवी. इथे भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण सायकलपुरतं पुरे. आम्हाला ओहोटी नऊच्या सुमाराला पाहिजे होती, म्हणजे भरती तीनला, म्हणजे चतुर्थी. गुहागरची चतुर्थी पक्की केली आणि तिथून मागे मोजत मुंबईहून निघायची तारीख काढली. असा उलटा बेत कुठल्या ॲपनं करून दिला नसता. ॲपला चढाचे मीटर कळतात, तिथी कळत नाही.

मैत्रीण मासे खाणारी. तिची रात्र दोन दिवस आधी हर्णैला: संध्याकाळी बंदरावर लिलाव, मग तळलेली सुरमई. मग दापोलीकडून दाभोळ, बोट, आणि धोपाव्याहून गुहागरच्या वाटेवर अंजनवेलच्या वीज प्रकल्पाची धुराडी, ज्याचं नाव सगळ्या जगाला दाभोळ म्हणून माहीत झालं तो प्रकल्प प्रत्यक्षात खाडीच्या या बाजूला आहे. शेवटी रत्नागिरी, आणि कोकण रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सायकली बुक करून परत. तिथे पॅकिंगसाठी गोणपाट आणि सुतळी आपणच न्यायची.

गुहागरच्या काकूंना फोन केला. घरगुती खोल्या, घरगुती जेवण. जेवणाचा आकडा सकाळी दहाच्या आत कळवायचा.

"सायकलनं? कुठून, चिपळूणहून?"

"नाही काकू, अलिबागहून."

"दोघीच? बरोबर कोणी नाही? बरं बरं, या. अंघोळीला गरम पाणी जास्त लागेल तुम्हाला. चतुर्थीला आहात म्हणजे उपास असेल."

मैत्रिणीनं मान जोरजोरात हलवून नाही म्हटलं. मी फोनवर म्हणाले, "उपास नाही, पण मोदक चालतील."

"मग आदल्या रात्री नक्की आकडा सांगा, नारळ खवून ठेवायला हवेत. एकेकीला किती धरू?"

मी पाच म्हणाले. काकूंना ते कमी वाटलं, त्यांनी सात धरले. दुपारी, साजूक तुपासकट. त्यामुळे बेतात एवढा बदल झालाय की हेदवीकडचा चढ त्या दिवशी साडेचारच्या आत सुरू करायचा नाही, आणि तवसाळची बोट दुसऱ्या दिवसावर.