आधी समाधी, मग बालेकिल्ला

कँटरबरी आणि डोव्हर ही जोडी लंडनहून एका दिवसात आरामात होते, फक्त क्रम चुकवू नये. किल्ला म्हटला की चढ आला, म्हणून पाय ताजे असताना पुष्कळजण आधी डोव्हर उरकतात आणि कॅथीड्रल उरल्यासुरल्या वेळात बघतात. पण डोव्हरचा थोराड बालेकिल्ला उभा राहिला तोच मुळी कँटरबरीतल्या एका समाधीपायी.

लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनची जलद गाडी तासाभरात कँटरबरी वेस्टला पोचवते. तिकीट हायस्पीडला चालतंय ना, एवढं बघून घ्यावं. व्हिक्टोरिया स्टेशनकडून जाणारं साधं तिकीट या गाडीत दाखवलं तर वरचे पैसे भरावे लागतात. स्टेशनातून सगळी गर्दी गावाकडे वळते. आपण पाच मिनिटं उलट चालून सेंट डन्स्टन चर्चपाशी जावं आणि तिथून कॅथीड्रलकडे निघावं. जुलै ११७४ मध्ये दुसरा हेन्री राजा हीच वाट अनवाणी चालला. २९ डिसेंबर ११७० रोजी त्याच्याच चार सरदारांनी आर्चबिशप थॉमस बेकेटला कॅथीड्रलच्या आत कापलं होतं. त्याचं प्रायश्चित्त म्हणून राजाने बेकेटच्या समाधीपाशी जाऊन उघड्या पाठीवर साधूंचे फटके खाल्ले, प्रत्येकाचे तीन.

रविवारी सकाळी जाऊ नये; प्रार्थना चालू असतात, पाहुण्यांना तेव्हा आत घेत नाहीत. आत गेल्यावर उंच छत बघून मान आपोआप वर जाते, पण इथे खाली बघायचं. वरच्या प्रार्थनाघराकडे नेणाऱ्या दगडी पायऱ्या मधोमध खोलगट झाल्यात, जुन्या पाट्याला मध्ये खळगा पडतो तशा. भाविक त्या गुडघ्यांवर चढत. वर ट्रिनिटी चॅपलमध्ये समाधी शोधू नका. आठव्या हेन्रीने ती १५३८ साली फोडून टाकली. मोकळ्या फरशीवर एक मेणबत्ती जळत असते, आणि तिच्याभोवतीची गुलाबी फरशी गुडघ्यांनी झिजलेली दिसते. समाधी गेली, झीज राहिली.

बेकेटच्या समाधीसाठीच ११७९ मध्ये फ्रान्सचा सातवा लुई खाडी ओलांडून आला. मुलगा फिलिप अंथरुणाला खिळलेला, त्याच्यासाठी नवस. दुसरा हेन्री त्याला उतरवून घ्यायला डोव्हरला गेला खरा, पण अशा पाहुण्याला शोभेल असं तिथे काही नव्हतं. पुढच्याच दशकात बालेकिल्ला चढला: भिंती काही ठिकाणी साडेसहा मीटर जाड, आत खुद्द बेकेटच्या नावाचं प्रार्थनाघर. कोपऱ्यांना फ्रान्समधल्या काँ (Caen) गावचा फिकट दगड आहे, कॅथीड्रललाही तोच. फिलिप बरा झाला, राजा झाला. आणि त्याच्याच मुलाने, धाकट्या लुईने, १२१६ मध्ये या किल्ल्याला वेढा घातला. उत्तर दरवाजाखाली भुयार खणून एक बुरूज पाडला. आतल्यांनी लाकडं रचून खिंडार बुजवलं आणि किल्ला राखला. तो दरवाजा पुढे कायमचा चिणून टाकला. तटाची ती बाजू अजूनही बघता येते. आजोबांचा नवस फळला नसता तर नातू वेढ्याला आला नसता, हा हिशेब मोठा गमतीचा आहे.

मधला प्रवास सोपा, पण स्टेशन बदलतं. कँटरबरीला दोन स्टेशनं आहेत, आणि डोव्हरची थेट गाडी ईस्टहून मिळते. वेस्टला परत गेलात तर ॲशफर्डला गाडी बदलण्यात वेळ जातो. ईस्टहून अर्ध्या तासात डोव्हर प्रायरी. तिथून पायी पाऊण मैलापेक्षा जास्त, शेवटचा भाग खडा चढ. दोनच्या आत पोचावं. दुसऱ्या महायुद्धातली भुयारं गटागटाने दाखवतात, रांगेत तास सहज जातो. १९४० मध्ये डंकर्कहून तीन लाखांवर सैनिक परत आणायची आखणी याच भुयारांत झाली, तेव्हा ती चुकवायची नाहीत. डबा हिरवळीवर खावा, पण पोळी हातात घट्ट धरून. वारा चेष्टा करत नाही.

शेवटी बालेकिल्ल्याच्या छतावर. हवा स्वच्छ असली तर तेहतीस किलोमीटरवरचा फ्रान्स पांढुरक्या रेघेसारखा दिसतो. इथे मोबाइलला कधीकधी पलीकडचा टॉवर सापडतो: ‘फ्रान्समध्ये स्वागत’ असा निरोप येतो, रोमिंगचं मीटर पडतं आणि घड्याळ एक तास पुढे सरकतं. मग गाडी चुकली म्हणून लोक धापा टाकत उतारावरून पळत सुटतात. रोमिंग आधीच बंद ठेवा, आणि परतीची वेळ मनगटावरच्या घड्याळात बघा.